मॉनिटर

प्रत्येक बॅचमध्ये एक हुशार असतो, एक गुंड असतो, एक कवी असतो आणि एक मॉनिटर असतो. हुशार अमेरिकेला जातो, गुंड नगरसेवक होतो, कवी बँकेत चिकटतो. मॉनिटर मात्र मॉनिटरच राहतो. मधली चाळीस वर्षं तो नोकरी, लग्न, घराचे हप्ते, मुलांचे ॲडमिशन असल्या किरकोळ कामांत काढतो. पण आतून बिचारा तळमळत असतो, कारण हातात खडू नसतो. मग निवृत्ती येते, मुलगा आपला जुना स्मार्टफोन देऊन टाकतो आणि एका सकाळी आपल्याला न विचारता कुणीतरी आपल्याला एका ग्रुपात घातलेलं असतं. त्याला खडू परत मिळालेला असतो.

आमचा मॉनिटर १९७२च्या अकरावीचा. तेव्हा एस.एस.सी. अकरावीलाच असे, दहावीची १९७५ साली आली. त्या दहावीवाल्यांना तो अजून ‘नवीन पोरं’ म्हणतो. ती पोरंही आता पासष्टीच्या पुढे गेली आहेत, हे सांगून उपयोग नाही.

गाव मिरज. याला फार महत्त्व आहे. १८९४ साली डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत मिशनचं रुग्णालय सुरू केलं. पुढे गावात इतके दवाखाने झाले की लोक मिरजेला वैद्यकीय पंढरी म्हणू लागले. तंबोरा घेऊन निघालेला गवई आणि एक्स-रेचं पाकीट घेऊन आलेला पेशंट एकाच फलाटावर दिसावेत असं हे जंक्शन. अशा गावात वाढलेल्या पोराला डॉक्टर व्हायला गुण कमी पडले, तरी डॉक्टरकीची खाज काही जात नाही. आमच्या मॉनिटरची सगळी हयात पाटबंधारे खात्यात गेली. कालव्यात पाणी कुठे तुंबलं हे बघणारा माणूस आता आमच्या धमन्यांकडे त्याच नजरेने बघतो.

रोज सकाळी सातला ग्रुपवर त्याची हाक येते : ‘हजेरी.’ बस, एवढंच. गुलाबाचं फूल नाही, उगवता सूर्य नाही, सुविचार नाही. नऊच्या आत प्रत्येकाने अंगठा, नमस्कार किंवा नुसतं ‘हं’ पाठवायचं. सरकारला आपण जिवंत आहोत हे पेन्शनरने वर्षातून एकदा, नोव्हेंबरात, पटवून दिलं की पुरतं. हयातीचा दाखला २०१४पासून ऑनलाइनही झाला आहे. बोटांचे ठसे झिजले असले तर फोनच्या कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकावून तो मिळतो. मॉनिटरला हे पटत नाही. ‘नोव्हेंबरात मिचकावलास आणि डिसेंबरात गेलास, तर सरकारला कळणार कधी?’ असा त्याचा रोकडा सवाल आहे.

नऊ वाजून पाच मिनिटांनी तो यादी टाकतो. शाळेत सर वर्गाबाहेर गेले की तो फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहायचा. आता तो न बोलणाऱ्यांची लिहितो. यादीत नाव आलं की आधी फोन, फोन उचलला नाही तर बायकोला फोन, तिनेही नाही उचलला तर शेजाऱ्याला. प्रत्येकाच्या शेजाऱ्याचा नंबर त्याच्या वहीत आहे. आमचा डोंबिवलीकर एकदा लोकलमध्ये झोपला आणि कर्जतला जाऊन जागा झाला. तोवर त्याच्या दारावर सोसायटीचा सेक्रेटरी, वॉचमन आणि खालच्या मजल्यावरची एक नर्स उभी होती. त्या दिवसापासून डोंबिवलीकर गाडीत बसल्या बसल्या आधी अंगठा पाठवतो आणि मग डोळे मिटतो.

वहीबद्दल सांगायला हवं. लांबट, लाल कापडी पाठीची, किराणा दुकानात उधारी लिहायला असते तशी वही. तिच्यात डाव्या बाजूला हजेरीपटाच्या क्रमाने नावं आहेत आणि मुलींची नावं माहेरच्या आडनावाने. पन्नास वर्षांत त्या नावाने ज्यांना कुणी हाक मारलेली नाही, ज्यांच्या नातवंडांना ते आडनाव ठाऊकही नाही, त्या बायका यादीत ते वाचतात आणि निमूट ‘हजर’ लिहितात. उजव्या बाजूला रकाने : वरचं बीपी, खालचं बीपी, उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर, थायरॉइड, गुडघे (डावा, उजवा), मोतीबिंदू (झाला, पिकतोय) आणि शेवटी ‘शेरा’. शेऱ्यात ‘प्रयत्न हवेत’, ‘बरा’, ‘वर्तन असमाधानकारक’ असलं काहीबाही असतं. वर्तन असमाधानकारक म्हणजे सुनेच्या डोहाळजेवणात दोन श्रीखंडाच्या वाट्या.

या गुणपत्रिकेने वर्गाची सगळी उतरंड उलटी केली. शाळेत जास्त गुण मिळवणारा मोठा. इथे कमी मिळवणारा. गणितात पस्तीसवर सुटलेला आमचा एक जण उपाशीपोटी ब्याण्णव आणतो आणि अख्ख्या ग्रुपात पहिला येतो. बोर्डाच्या यादीत झळकलेल्या स्कॉलरची साखर दोनशे दहा. आयुष्यभर गुण वाढवण्याची सवय लागलेल्या माणसाला ते कमी करायला शिकणं किती जड जातं, ते त्याच्या तोंडाकडे बघून कळतं. पस्तीसवाला त्याला रोज एक नवी युक्ती सांगतो. त्याचा हा आनंद कुठल्याही डॉक्टरने काढून घेऊ नये.

स्कॉलरने शेवटी विद्यार्थीदशेतला मार्ग धरला : तपासणीच्या आधी तीन दिवस चहा बिनसाखरेचा, भात बंद, संध्याकाळी गणेश तलावापर्यंत चालणं. साखर एकशे अठरा आली. पण मॉनिटर काय कच्च्या गुरूचा चेला? त्याने एचबीए१सी करून आणायला लावलं. रक्तातली तांबडी पेशी साधारण एकशे वीस दिवस जगते आणि तेवढ्या काळात तिला जी साखर चिकटली ती या तपासणीत दिसते. म्हणजे तीन दिवसांचा अभ्यास नाही चालत, तीन महिन्यांचा लागतो. साडेसहा किंवा त्याच्या वर गेलं की मधुमेह, असा याचा दंडक. स्कॉलरचं आठ आलं. ‘तिमाहीत नापास’ असा शेरा पडला, आणि साठ वर्षांत पहिल्यांदाच पडला, म्हणून स्कॉलर दोन दिवस ग्रुपवर आला नाही. मग अर्थात त्याचं नाव फळ्यावर आलं.

मुलींचं सांगायचं तर आमची शाळा मुलामुलींची एकत्र होती, पण ती फक्त कागदोपत्री. सात वर्षांत मुलगे खिडकीकडे, मुली दाराकडे. मधल्या वाटेवरून नजर गेली तरी छडी. जिच्याकडे पेन्सिल मागायची कुणाची छाती झाली नाही, तिला आज हेच मुलगे इसबगोल रात्री कोमट पाण्यातून घ्यायचा की दुधातून, हे खुलासेवार सांगतात. तीही विचारते, ‘आणि सकाळी साफ होतंय काय रे?’ ज्या वयात बोलायला हवं होतं त्या वयात शब्द फुटला नाही, आणि आता फुटला तो या विषयावर. एकाने तर एकदा धीर करून ‘तू तेव्हा दोन वेण्या घालायचीस’ असं लिहिलं. तिने उत्तर दिलं : ‘होय. आता केस गळतात. बी-ट्वेल्व्ह कमी आलंय.’ खाली लगेच मॉनिटरचा शेरा : ‘नोंद घेतली.’

एक जूनला ग्रुप कोलमडतो. त्या दिवशी वर्गातल्या एकोणीस जणांचा वाढदिवस असतो. ज्यांनी त्या काळी शाळेत मुलाचं नाव घातलं आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. बापाला तारीख आठवायची नाही, मास्तर विचारायचे, ‘पावसाच्या अलीकडं की पलीकडं?’, आणि हिशेबात बसेल ते साल धरून एक जून लिहून मोकळे व्हायचे. मॉनिटरने म्हणून वहीत वयाचे दोन रकाने केले आहेत : ‘सरकारी’ आणि ‘खरं’. ऑक्टोबर २०२४मध्ये सत्तरीच्या वरच्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, आयुष्मान कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार सुरू झाले, तेव्हा या रकान्यांवरून रण पेटलं. खरी सत्तरी उलटलेला एक जण कागदावर अडुसष्ट निघाला. तो मास्तरांच्या नावाने खडे फोडू लागला. मॉनिटरने त्याला सर्वांसमोर झापलं : ‘दोन वर्षं जास्तीचा पगार खाल्लास, तेव्हा बरे मास्तर देवमाणूस होते!’

स्नेहमेळाव्याच्या प्रवासाचाही असाच घोळ. रेल्वेने ज्येष्ठांची सवलत मार्च २०२०मध्ये बंद केली ती केलीच. एस.टी.त पासष्टच्या पुढे अर्धं तिकीट, पंचाहत्तरच्या पुढे २०२२पासून फुकट. मुलींना मार्च २०२३पासून कुठल्याही वयात अर्धं, त्यामुळे वय सांगायची पाळी त्यांच्यावर आलीच नाही. मुलगे मात्र पुण्याहून मिरजेपर्यंत आधार कार्ड खिशातून काढत आणि घालत येतात. मॉनिटरची सक्त ताकीद असते की सगळ्यांनी एकाच गाडीने यायचं नाही. का, ते विचारू नये.

औषधी फॉरवर्डची भानगड त्याने एका फटक्यात मिटवली. हृदयविकाराचा झटका आला तर जोरजोराने खोकत राहा, हा संदेश फिरत आला तेव्हा त्याने टाकणाऱ्यालाच फोन लावला : ‘तू खोकत बसू नको, खुर्चीवर बस आणि १०८ला फोन कर.’ तेव्हापासून फॉरवर्डला बंदी. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड आणि रात्री भिजवलेले मेथीदाणे एवढ्यांनाच प्रवेश, तोही ‘गोळी चालू ठेवून’ या अटीवर.

आहाराच्या बाबतीत त्याचं काही चाललं नाही. ग्रुप सरळ फुटला. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात दिवसातून दोनदाच जेवा आणि पंचावन्न मिनिटांत आटपा; ऋजुता दिवेकर सांगतात दर दोन तासांनी थोडं थोडं खा. मेळाव्यात दोन पक्ष वेगळे बसू लागले. दीक्षित पक्ष घड्याळ समोर ठेवून जेवायचा, दिवेकर पक्ष त्याच्याकडे बघत शेंगदाण्याचा लाडू खायचा. खरी पंचाईत भडंगाने केली. सांगली-मिरजेच्या माणसाला गप्पा मारताना भडंग लागतोच. मग ते एक जेवण धरायचं की नाही? तासभर वाद झाल्यावर मॉनिटरने निर्णय दिला : ‘भडंग हे खाणं नव्हे. ते बोलणं आहे.’ दोन्ही पक्षांनी टोपलीत हात घातला. तेव्हाच कुणीतरी म्हणालं, की दुष्काळात रेशनवरची ती लाल मिलो ज्वारी गिळवत नव्हती म्हणून आईचा मार खाल्ला, आणि आता सूनबाई आरोग्यासाठी चकचकीत पाकिटातली ज्वारी आणते. २०२३ साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं, हे त्या मिलो खाल्लेल्या माणसांना सांगणाऱ्याची मेळाव्यात बरीच थट्टा झाली.

मॉनिटरची चीड येते हे मात्र खरं. तापाला ‘किती?’ म्हणून विचारतो, ‘कसं वाटतंय?’ म्हणून विचारत नाही. एकीचा नवरा गेला तेव्हा सगळे शब्द शोधत होते आणि याने लिहिलं : ‘रात्री झोप लागते का? जेवलीस काय?’ आम्हाला ते तेव्हा फार रुक्ष वाटलं. तिने पुढे सांगितलं, की पंधरवडाभर रोज रात्री नऊला त्याचा फोन येत होता आणि तो हे दोनच प्रश्न विचारून ठेवून देत होता. बाकी सगळे तिला धीर धरायला सांगत होते. जेवलीस काय, हे विचारणारा तो एकटाच.

मागच्या वर्षी एका सकाळी सात वाजले आणि हाक आली नाही. सव्वासात झाले. आमच्या न्यू जर्सीवाल्याने तिकडच्या रात्री ‘काय झालं?’ विचारलं. मग आम्ही सगळ्यांनीच एकदम अंगठे पाठवले, न मागता. साडेसातला त्याच्या नंबरवरून संदेश आला : ‘यांची काल रात्री अँजिओप्लास्टी झाली. एक स्टेंट. बरे आहेत. फोन मला देऊन हजेरी घ्यायला सांगितली आहे. मी नावं वाचते.’ आणि वहिनींनी खरोखरच वही उघडून पहिल्या नावापासून सुरुवात केली. माहेरच्या आडनावांशी त्यांची थोडी झटापट झाली, पण एकही नाव सुटलं नाही. आठ दिवसांनी घरी आल्यावर मॉनिटरने वहीत स्वतःच्या नावापुढे शेरा लिहिला : ‘गैरहजर. कारण योग्य.’

वहिनी त्यानंतर ग्रुपवरच राहिल्या. त्या आमच्या शाळेच्या नाहीत, मिरजेच्याही नाहीत, साताऱ्याच्या. मॉनिटर नऊ वाजून पाच मिनिटांपर्यंत थांबायचा. वहिनी नऊच्या ठोक्याला फोन करतात.