यंदा कोणता कोर्स लावावा?

जून लागला की सटाणा तालुक्यातल्या आमच्या नामपुरात दोन गोष्टी सांभाळणं अवघड होतं : चाळीतला उन्हाळ कांदा आणि बारावी पास झालेला मुलगा. दोन्ही घरात फार दिवस ठेवता येत नाहीत, दोन्हींना भाव कधी येईल हे कुणी छातीठोक सांगत नाही, आणि दोन्हींबद्दल येणारा-जाणारा प्रत्येक जण सल्ला देऊन जातो.

सल्लागारांत कृषी सेवा केंद्राचे मालक असतात, बाजार समितीतले अडते असतात, निवृत्त गुरुजी असतात, तहसीलात ओळख असलेले पुढारी असतात. पण सगळ्यांत जड मत नाशिकला सिडकोत राहणाऱ्या मेव्हण्यांचं. त्यांचा स्वतःचा फ्लॅट आहे, त्यामुळे त्यांना शिक्षणातलं कळतं, हे गृहीत धरलेलं आहे. हे मेव्हणे मुलाला काय आवडतं ते विचारत नाहीत. मुलगाही सांगत नाही, कारण त्याला कुणी विचारेल अशी त्याची अपेक्षाच नाही. प्रश्न एकच असतो : ‘गेल्या साली गावातलं कुणाचं पोरगं लागलं? त्यानं काय केलं होतं?’ जे उत्तर येईल तो यंदाचा कोर्स. करंजाडच्या उपबाजारात गेल्या हंगामात काय भाव फुटला ते ऐकून यंदा किती पायली रोप टाकायचं हे ठरवतात, अगदी तस्संच.

या पद्धतीनं लावलेलं सगळ्यांत मोठं पीक म्हणजे डी.एड. बारावीनंतर दोन वर्षं, मग जिल्हा परिषदेची शाळा, मग डी.एड. झालेलीच बायको, म्हणजे एका छपराखाली दोन पगार. हा भाव कानावर आला आणि अख्ख्या महाराष्ट्रानं बांधापासून बांधापर्यंत डी.एड. लावलं. कॉलेजं अशी निघाली की काही ठिकाणी इमारतीपेक्षा फलक मोठा होता. माल काढणीला आला आणि २०१० नंतर भरतीला कुलूप लागलं. कांदेकऱ्याला आता यात नवल वाटत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये चाळीस टक्के निर्यातशुल्क आणि डिसेंबरात थेट निर्यातबंदी त्यानं पुढे पाहिलीच. भरतीबंदी ही तिची थोरली बहीण. इकडे २०१७ च्या डिसेंबरात शिक्षकांची अभियोग्यता चाचणी झाली आणि मग भरती ‘पवित्र’ नावाच्या पोर्टलवर गेली. तोवर पहिल्या हंगामातले गुरुजी चाळिशीकडे झुकले होते आणि डाळिंबाच्या बागेत तेल्या रोगाचा वर्ग घेत होते. डी.एड.ला शिकलेलं बालमानसशास्त्र मात्र वाया गेलेलं नाही. ते लिलावात व्यापाऱ्यासमोर वापरतात.

डी.एड. मोडल्यावर मग डी.फार्म. आलं, कृषी पदविका आली. हल्ली पोलीस भरतीच्या अकॅडमीचा जोर आहे. पहाटे पाचला सटाणा रस्त्यावर जी पोरं सोळाशे मीटर पळताना दिसतात, त्यांच्याकडे पाहून पाहुण्यांना वाटतं, गावाला व्यायामाची आवड आहे.

सरकार या सगळ्यात हातावर हात ठेवून बसलंय असं कुणी समजू नये. कारागीर प्रशिक्षण योजना १९५० ची, म्हणजे प्रजासत्ताकाच्या वयाची. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ चा. कोठारी आयोगानं १९६६ मध्ये व्यवसाय शिक्षणावर भर द्या म्हणून सांगितलं, आणि तेव्हापासून प्रत्येक सरकार तो भर देतच आलेलं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तर तारीखच टाकली : २०२५ पर्यंत निदान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख झाली पाहिजे. नामपुरात ती ओळख जुनीच आहे. रस्त्यात भेटली तर आम्ही ओळख दाखवत नाही, इतकंच.

त्याच धोरणात एक आकडा आहे. १९ ते २४ वयाच्या आपल्या कामकऱ्यांत रीतसर व्यवसाय शिक्षण घेतलेले पाच टक्क्यांहून कमी; जर्मनीत ७५ टक्के, दक्षिण कोरियात ९६. हा आकडा बाराव्या पंचवार्षिक योजनेतून आलेला. योजना संपली, नियोजन आयोग संपला, आकडा मात्र प्रत्येक भाषणात टिकून आहे.

मधल्या काळात कौशल्याची राष्ट्रीय चौकटही झाली. २०१३ मध्ये तिला दहा पायऱ्या होत्या. २०२३ मध्ये आठ झाल्या, पण मध्ये अर्ध्या घातल्या : अडीच, साडेतीन, साडेचार. आमच्या आजोबांची अडीचकी-औटकी पाठ होती, त्यांना ही चौकट लगेच कळली असती. नातवाला मोबाइल काढावा लागतो.

आणि प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना! २०१५ पासून एकापाठोपाठ एक आवृत्त्या निघाल्या. डिसेंबर २०२५ मध्ये कॅगचा अहवाल संसदेत आला. त्यात ९५ लाखांहून जास्त प्रशिक्षणार्थींच्या नोंदी तपासलेल्या आहेत आणि त्यांतल्या ९४.५३ टक्के नोंदींत बँक खात्याच्या जागी शून्यं आहेत, नाहीतर रकाना कोरा आहे. काही ठिकाणी नुसते एकावर एक असे अकरा एक मांडलेले. प्रमाणपत्र मिळालेल्याच्या खात्यात पाचशे रुपये जमा व्हायचे होते. आता खातंच शून्य असेल तर रक्कम अचूक जमा झाली म्हणायला हरकत नाही. आमच्या तालुक्याला हे जरा जड जातं, कारण आमच्याकडे आदर्शच वेगळा. १८७०-७१ च्या दुष्काळात सटाण्याचे मामलेदार यशवंतराव महाराज यांनी सरकारी खजिना उघडून भुकेल्यांना वाटला. चौकशी लागली, पुढे लोकांनी त्यांना देवमामलेदार म्हणून मंदिरात बसवलं. यशवंतराव महाराजांकडे पोर्टल नव्हतं. तरी पैसे कुणाच्या हातात गेले, हे गावाला ठाऊक होतं.

राज्य सरकारनंही मागे राहायचं नाही असं ठरवलं. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीआधी मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आली, लाडक्या बहिणीच्या पाठची म्हणून लोक तिला लाडका भाऊ म्हणू लागले. बारावी पासला महिना सहा हजार, आयटीआय किंवा पदविकेला आठ, पदवीधराला दहा. नामपूरला हे समजावून सांगावं लागलं नाही. गोल्टी सहा, मध्यम आठ, एक नंबर दहा. प्रतवारी आमच्या अंगवळणी आहे. सहा महिन्यांची मुदत, मग ती अकरा महिने झाली. पोरं सरकारी कार्यालयांत बसली, त्यांनी तिथल्या साहेबांना एक्सेल शिकवलं, सह्यांचे कागद इकडून तिकडे नेले. मुदत संपल्यावर त्यांनी ‘आता पुढे काय?’ असं विचारत मोर्चे काढले. हे आंदोलन मात्र फार शिस्तीत झालं म्हणतात. अकरा महिने कचेरीत काढल्यावर निवेदन कुठल्या टेबलावर द्यायचं हे प्रत्येकाला माहीत होतं. कार्यप्रशिक्षण अगदीच फुकट गेलं असं कोण म्हणेल?

या सगळ्या गर्दीत आयटीआय कोपऱ्यात उभं असतं. राज्यात सरकारी आयटीआय चारशेच्या वर आहेत, आमच्या तालुक्याचं सटाण्याला. नामपूरहून एसटीनं जा-ये करायची. वीजतंत्री, जोडारी, संधाता, डिझेल मेकॅनिक असे ट्रेड. पण पोरगं तिथे गेलं की घरातली भाषा बदलते. ‘इंजिनिअरिंगला आहे’ हे ओसरीवर सांगतात, ‘आयटीआयला टाकलं’ हे स्वयंपाकघरात. शब्दही ‘घातलं’ नाही, ‘टाकलं’. सरकारचंही प्रेम असंच दबक्या आवाजातलं. या पोरांना महिन्याला चाळीस रुपये विद्यावेतन मिळायचं, आणि ते चाळीस वर्षं चाळीसच राहिलं. तेवढ्या काळात गावातल्या चहाचा कट अर्धा झाला आणि किंमत वीसपट. २०२३ मध्ये सरकारनं पाचशे केले. पुढच्याच साली राज्यातल्या कितीतरी आयटीआयना थोर पुरुषांची नावं देण्यात आली. वेल्डिंगचं मशीन जुनं का असेना, गेटवरचं नाव कोरं करकरीत. शिवाय कौशल्य विद्यापीठाला रतन टाटांचं नाव मिळालं, ग्रामीण कौशल्य केंद्रांना प्रमोद महाजनांचं. त्या ५११ केंद्रांचं उद्घाटन १९ ऑक्टोबर २०२३ ला पंतप्रधानांनी एका बटणात केलं. इतकी केंद्रं एका बटणावर सुरू होतात म्हटल्यावर वीजतंत्री ट्रेडला भविष्य आहे, हे मान्य करावं लागतं. आता देशभरातले हजार आयटीआय सुधारायला साठ हजार कोटींची पीएम-सेतू योजना आलीय. गावात पहिला प्रश्न आला, ‘सेतूत दाखला किती दिवसांत मिळेल?’

मग जर्मनीचं निघालं. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रानं बाडेन-व्युर्टेंबर्ग या जर्मन राज्याशी करार केला. तिथे माणसं कमी, इथे जास्त, तेव्हा पहिल्या टप्प्यात दहा हजार कुशल तरुण पाठवायचे : नर्स, वीजतंत्री, नळकारागीर, सुतार, ड्रायव्हर. जर्मन भाषा सरकार शिकवणार. बातमी वाचून मेव्हण्यांचाच फोन आला. ज्या आयटीआयला त्यांनी भाच्याला जाऊ दिलं नव्हतं, तेच आता परदेशी जाण्याचं दार निघालं. त्यांनी घाईनं चौकशी केली, ‘जर्मनीला जायला बी.ए. चालतं का?’ जर्मनीतल्या पोराला म्हणे आठवड्यातले तीनचार दिवस कारखान्यात आणि उरलेले शाळेत काढावे लागतात, आणि कारखाना त्याला पगार देतो. आपल्याकडेही दुहेरी पद्धत आहेच : कॉलेजात नाव आणि क्लासमध्ये पोरगं. पगार तेवढा बाप देतो, दोन्हीकडे.

जर्मनीच्या दहा हजारांत नामपूरची किती पोरं गेली याची चर्चा अजून पारावर चालू आहे. तिथून शंभर पावलांवर एका पत्र्याच्या शेडमध्ये गावातला सगळ्यांत गरजेचा माणूस बसलेला असतो. मोटर रिवायंडिंग करणारा. शिक्षण दहावीपर्यंत, तेही शेवटच्या परीक्षेपर्यंत नाही. पण एप्रिल-मे लागला, मोसम नदीचं पात्र कोरडं पडलं, पाचशे फुटांवरची सबमर्सिबल रात्रीच्या लाइटीत जळाली, की भल्याभल्यांची चारचाकी त्याच्या दारात. ऐन बहारातल्या डाळिंबाला दोन दिवस पाणी नसलं तर बागाइतदाराचा आवाज किती मऊ होतो, हे त्या शेडमध्ये बसल्याशिवाय कळायचं नाही. ज्यानं कधी नमस्कार केला नाही तो फोनवर अहिराणीत विरघळतो : ‘भाऊ, काय करी राह्यना?’ भाऊ काय करतोय हे त्याला पक्कं माहीत असतं. दुसऱ्याची मोटर खोलतोय.

या माणसासाठीही सरकारकडे योजना आहे. आधीच येणाऱ्या कामाला प्रमाणपत्र देण्याची. म्हणजे ज्यानं वीस वर्षांत अख्ख्या शिवाराच्या मोटरी भरल्या, त्याला काही तासांची ओळख करून द्यायची, मग एक परीक्षक येणार, हातमोजे घालून फोटो काढणार आणि जाहीर करणार, की होय, याला येतं. ‘सुरक्षिततेचे पाच नियम सांगा,’ असं परीक्षक विचारतील तेव्हा आमचा भाऊ काय सांगेल? बहुतेक एकच सांगेल : उधारीवाल्याची मोटर आधी बांधायची नाही. त्या एकातच पाचही नियम बसतात.

अशा भाऊंपैकी एकाचं लग्न जमवायचं चाललं होतं. महिन्याची कमाई कुठल्याही कारकुनाला लाजवेल अशी, घर बांधलेलं, व्यसन नाही. बायोडाट्यात व्यवसायाच्या रकान्यात ‘इंजिनिअरिंग लाइन’ असं वजनदार लिहिलेलं. पलीकडच्या शिवारातले बागाइतदार मुलीचे वडील बघायला आले. चहापोहे झाले. ‘नोकरी कुठे?’ त्यांनी विचारलं. नोकरी नाही, स्वतःचं दुकान आहे. ‘पर्मनंट काही?’ मोटरी जळायच्या थांबत नाहीत तोवर पर्मनंटच म्हणायचं. ‘पण कागदावर काय?’ कागदावर दहावी. ते बराच वेळ छताकडे बघत राहिले. मुलगी बी.ए. झालेली, एकदोन स्थळं नाशिकच्या कंपन्यांतली सांगून आलेली. तिथला एक मुलगा वर्षाच्या शिकाऊ उमेदवारीवर होता, पण गळ्यात आयकार्ड होतं. शेवटी त्यांनी हात जोडले. मुलगा सोन्यासारखा आहे, पण आमच्या पाहुण्यांत नोकरीवालाच चालतो, वाईट वाटून घेऊ नका.

कुणी वाईट वाटून घेतलं नाही. पाहुणे चपला घालून पायरीवर थांबले, मागे वळले आणि मघापेक्षा मऊ आवाजात म्हणाले, ‘बरं भाऊ, लग्नाचं राहू द्या. आमच्या मळ्यातली साडेसातची मोटर कालपासून बंद आहे. तेवढी आज काढून द्याल का?’