एजीतला ए

बुरोंडीतून दापोलीला शिकायला जाणाऱ्या पोराला कोणी विचारलं, "कुठे आहेस रे?" तर ते सांगणार, "एजीत." विचारणाऱ्याचं समाधान होतं, सांगणाऱ्याचंही होतं. एजी म्हणजे एजी. शाळेचं पूर्ण नाव अल्फ्रेड गॅडने हायस्कूल आहे, पण पूर्ण नाव घेण्याइतकी सवड एस्टीच्या थांब्यावर कोणाला असते? मिशनच्या त्या पाद्रीसाहेबांना आम्ही दोन अक्षरांत गुंडाळलं आणि दप्तरात टाकलं. ते कोण, कुठले, हे विचारायचं राहूनच गेलं.

गॅडने या आडनावाच्या वाटेला मी जात नाही. माझा जीव अडकला आहे तो 'ए'मध्ये. अल्फ्रेड हे नाव फार जुनं आहे. पाचव्या शतकात जर्मनी-डेन्मार्कच्या किनाऱ्यावरून अँगल आणि सॅक्सन टोळ्या होड्या हाकत ब्रिटनमध्ये उतरल्या, त्यांच्या बोलीतलं. तिथली नावं दोन तुकडे जोडून करत. अल्फ्रेडचा पहिला तुकडा 'एल्फ' आणि दुसरा 'रेड', म्हणजे सल्ला. एल्फने दिलेला सल्ला, किंवा एल्फसारखी सल्लामसलत ज्याला जमते तो.

आता एल्फ म्हटलं की नाताळच्या कार्डावरचं टोकदार कानांचं, हिरव्या टोपीचं बुटकं डोळ्यांपुढे येतं. ते फार नंतरचं. त्या जुन्या लोकांचा एल्फ माणसाएवढा असे आणि माणसाहून देखणा. एखाद्या बाईचं रूप वाखाणायचं तर जुन्या इंग्रजीतले कवी तिला 'एल्फसारखी तेजस्वी' म्हणत. तो आपल्या शेजारीच राहतो, दिसत मात्र नाही. खूश असला तर भलं करतो. त्याची मर्जी बिघडली तर माणसाच्या कुशीत कळ उठते, गुरं आजारी पडतात. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजी वैद्यकाच्या हस्तलिखितांत 'एल्फचा बाण लागल्यावर' करायचे उतारे आणि मंत्र दिलेले आहेत.

एवढं वाचलं आणि मला वाटलं, अरे, ह्या गृहस्थाला तर आपण ओळखतो! हा आमचा राखणदार. वाडीच्या टोकाला, मोठ्या झाडाखाली, कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्याला वर्षाचा नारळ वेळेवर गेला तर रात्री-अपरात्री घरी येणाऱ्याला तो सोबत करतो, म्हणतात. विसरलात तर गाईचं दूध आटतं आणि पंपाची मोटर जळते. मोटर जळण्याचं कारण व्होल्टेजही असू शकतं हे आम्हाला माहीत आहे. तरीही वायरमनला फोन करण्याआधी नारळ फुटलेला असतो. आणि सल्ला? सल्ल्याची तर आमच्याकडे रीतसर व्यवस्था आहे. देवळात जायचं, गुरव गाऱ्हाणं घालतो, देवाला कळे लावतो आणि सगळे श्वास रोखून बघत बसतात, उजवा पडतो की डावा. जमिनीचा वाद, मुलीचं स्थळ, नव्या होडीचा मुहूर्त, सगळं त्या कौलावर. म्हणजे अल्फ्रेड या नावाचा अर्थ लंडनमध्ये विचारला तर शब्दकोश काढावा लागेल. बुरोंडीत नुसतं बोट दाखवलं की पुरे.

नावं जोडण्याची त्या लोकांची तऱ्हाही आपल्याला परकी नाही. आपण 'राम' पक्का धरला आणि पुढे हाताला लागेल ते जोडत गेलो. सखाराम, तुकाराम, जयराम, आत्माराम, सीताराम. त्यांनी कधी 'रेड' धरला, कधी 'एथेल', म्हणजे थोर कुळीचा. पुष्कळ नावांत हत्यारं असत. एडगर आणि जेरार्ड या दोघांतही भाला दडलेला आहे. आपण फार सौम्य नावं ठेवतो अशी कोणाची समजूत असेल तर त्याने आमच्या गावी येऊन टेकडीवर बघावं. तिथे पृथ्वीच्या अर्धगोलावर साक्षात परशुराम उभा आहे, नावातच कुऱ्हाड घेऊन. समुद्राला 'मागे हो' म्हणणाऱ्याला कुऱ्हाड शोभते. पण त्याच नावाचे आमचे आते-मामे भाऊ 'परशा' म्हणून हाक मारली की विळा घेऊन गवत कापायला जातात.

ज्याच्यामुळे हे नाव टिकलं तो राजा अल्फ्रेड. जन्म इ. स. ८४९, इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडचं वेसेक्स राज्य. वडील एथेलवुल्फ, म्हणजे थोर लांडगा. भावांची नावं एथेलस्टन, एथेलबाल्ड, एथेलबर्ट, एथेलरेड, बहीण एथेलस्विथ. आईने जेवायला हाक मारली तर 'एथेल' एवढं ऐकूनच सगळी पंगत भरत असणार. शेवटच्या मुलापाशी येऊन कोण जाणे काय झालं, 'एथेल' संपला आणि 'एल्फ' आला. धाकट्याचं असंच असतं. त्याच्या वाट्याला राज्य यायचं काहीच कारण नव्हतं, पण थोरले एकेक करून गेले आणि ८७१ साली गादीवर हा बसला. त्यातून जन्माचा पोटाचा विकार. त्याचा चरित्रकार असर याने त्या दुखण्याचं इतकं वर्णन केलं आहे की वाचताना आपल्यालाच ओव्याची आठवण व्हावी. जेरुसलेमच्या धर्मगुरूंनी, एलियास त्यांचं नाव, या राजासाठी औषधं कळवली होती, ती त्याच वैद्यकाच्या हस्तलिखितांतल्या एकात नोंदली आहेत. एल्फच्या बाणावरचे उतारेही त्याच वैद्यकात. ज्याच्या नावात एल्फचा सल्ला, त्याच्याच कुशीत आयुष्यभर कळ! आमच्या गावात असता तर एवढ्या लांबून औषध मागवलं नसतं. गुरवाने पहिला प्रश्न विचारला असता, "नारळ कोणाचा राहिलाय?"

८७८ च्या जानेवारीत डॅनिश व्हायकिंगांचा पुढारी गुथ्रम ऐन सणासुदीत चालून आला आणि राजाला सॉमरसेटच्या दलदलीत पळावं लागलं. दलदल म्हणजे आमच्या भाषेत खाजणच. भरती-ओहोटी, चिखल, लव्हाळी, वाट माहीत असलेल्यालाच वाट. तिथे तो एका गुराख्याच्या झोपडीत अनोळखी म्हणून राहिला, घरच्या बाईने चुलीवरच्या भाकऱ्यांकडे लक्ष ठेवायला सांगितलं, राजा राज्याच्या विचारात बुडाला आणि भाकऱ्या करपल्या. बाईने त्याला यथेच्छ झोडपला, तोंडाने. ही कथा राजाच्या मृत्यूनंतर शंभरेक वर्षांनी एका संतचरित्रात पहिल्यांदा सापडते, त्यामुळे इतिहासकार तिला जवळ करत नाहीत. मी करतो. पुरुष चुलीजवळ बसून मोठमोठे विचार करत असताना भाकरी करपते, याला पुरावा कशाला हवा?

त्याच वर्षीच्या मेमध्ये एडिंग्टनला अल्फ्रेडने गुथ्रमचा पराभव केला आणि त्याला मारायचं सोडून त्याचा बाप्तिस्मा करवला. धर्मपिता स्वतः अल्फ्रेड. बारशात गुथ्रमला नवं नाव मिळालं, एथेलस्टन. 'स्टन' म्हणजे दगड. थोर दगड. लुटारू व्हायकिंगाचा सरळसरळ धोंडोपंत झाला की! हसू नका. आमच्या तालुक्यात या नावाला फार मान आहे. मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांना १९५८ साली भारतरत्न मिळालं. आधीची मुलं जगली नाहीत की पुढच्याचं नाव धोंडू, दगडू, केरू ठेवायचं, म्हणजे वाईट नजर त्याच्याकडे वळत नाही, हा आपला हिशेब. त्यांच्याकडे दगड टिकण्यासाठी, आपल्याकडे नजर चुकवण्यासाठी. हेतू एकच, पोर हाती लागावं.

अल्फ्रेडचा आपल्या देशाशीही एक धागा आहे. अँग्लो-सॅक्सन बखरीत ८८३ सालाखाली नोंद आहे की राजाने नवस केला होता तो फेडायला सिगेहेल्म आणि एथेलस्टन या दोघांबरोबर दानाची रक्कम पाठवली, रोमला आणि पुढे इंडियात, संत थॉमस आणि संत बार्थोलोम्यू यांच्याकडे. काही हस्तलिखितांत 'इंडिया'ऐवजी 'ज्यूडिया' आहे, तेव्हा पंडितांत वाद आहे. बाराव्या शतकातला विल्यम ऑफ माम्सबरी मात्र खुशाल सांगतो की सिगेहेल्म भारतात पोचला आणि रत्नं, सुगंधी द्रव्यं घेऊन परतला. नवस बोलायचा आणि फेडायला आपण न जाता माणूस धाडायचा, ही सोय त्या काळीही होती तर. मला तो दुसरा, धोंडोपंत, जास्त आवडतो. त्याने काय आणलं ते कोणीच लिहिलं नाही.

त्या सुमारास आमच्या किनाऱ्यावर राष्ट्रकूटांची सत्ता होती. राष्ट्रकूट अमोघवर्ष हा अल्फ्रेडचा थोरला समकालीन, तोही लिहिण्या-वाचण्याचा शौकीन राजा. उत्तर कोकणात राष्ट्रकूटांचे मांडलिक शिलाहार. त्यांची नावं बघा, कपर्दी, पुल्लशक्ती, झंझ. हा झंझ राजा असताना ९१६ मध्ये अल-मसूदी नावाचा अरब प्रवासी चौलला येऊन गेला आणि त्याने नाव टिपून ठेवलं. शिवमंदिरं बांधणारा मोठा राजा, पण त्याचं नाव पुढे कोणी घेतलं? कोकणात गणपत्ये आहेत, विठ्ठल आहेत, झंझ एकही नाही. शाळेत हजेरीला 'झंझ' अशी हाक ऐकून 'हजर' म्हणायची कोणाची छाती होणार?

अल्फ्रेडचंही जवळजवळ असंच झालं होतं. १०३६ मध्ये याच नावाच्या एका राजपुत्राचे डोळे काढले गेले आणि तो ईलीच्या मठात मेला. १०६६ साली नॉर्मन आले आणि त्यांच्यामागून विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड यांची लाट आली. तीही मुळात जर्मानिकच नावं, पण फ्रान्समार्गे आलेली, म्हणून जास्त ऐटदार. गावच्या अल्फ्रेडला कोण विचारतो? बाराशेच्या आसपास सारेशेलचा अल्फ्रेड नावाचा एक विद्वान अरबीतून लॅटिनमध्ये ग्रंथ उतरवत होता, असे तुरळक सोडले तर नाव विरत गेलं. नॉर्मन तोंडात त्याचं 'आव्हरी' झालं आणि ते आडनाव होऊन बसलं, असं आडनावांचे अभ्यासक मानतात. आडनावाने ओळखला गेलेला एक हेन्री आव्हरी (त्याला एव्हरीही म्हणत) १६९५ साली अरबी समुद्रात अवतरला आणि मक्केहून सुरतेला परतणारं औरंगजेबाचं 'गंज-ए-सवाई' जहाज त्याने लुटलं. बादशहा इकडे दख्खनेत मराठ्यांच्या मागे धावतोय आणि तिकडे समुद्रात अल्फ्रेडच्या नावाचा एक दूरचा वारस त्याचा खजिना पळवतोय! त्याला सल्ला कोणत्या एल्फने दिला, देव जाणे.

मग एकोणिसाव्या शतकात इंग्रजांना आपल्या पूर्वजांचा उमाळा आला आणि नाव परत आलं. व्हिक्टोरिया राणीने दुसऱ्या मुलाचं नाव अल्फ्रेड ठेवलं. हा राजपुत्र १८७० मध्ये हिंदुस्थानात फिरला आणि जाईल तिथे नाव सांडत गेला. मुंबईत रॉयल अल्फ्रेड सेलर्स होम, जिथे पुढे बरीच वर्षं विधिमंडळ बसलं आणि आता पोलीस मुख्यालय आहे. राजकोटला गांधीजी ज्या शाळेत शिकले तिला पुढे अल्फ्रेड हायस्कूल म्हणू लागले. अलाहाबादला अल्फ्रेड पार्क. तिथे २७ फेब्रुवारी १९३१ ला चंद्रशेखर आझादांनी शेवटची गोळी स्वतःसाठी ठेवली, आणि पार्कला आता आझादांचं नाव आहे. हा बदल मला मनापासून पटतो.

आमचा दापोलीचा अल्फ्रेड मात्र या राजपुत्राच्या लवाजम्यातला नव्हे. तो साधा मास्तरकी करणारा पाद्री. दापोलीच्या मिशनच्या शाळेत पालगडचा पांडुरंग सदाशिव साने शिकला, आणि त्याच्याही आधी पांडुरंग वामन काणे दापोलीतूनच मॅट्रिक झाले. एक साने गुरुजी, दुसरे धर्मशास्त्राच्या इतिहासाचे भारतरत्न. पाद्रीसाहेबांनी कोणत्या देवाचं नाव गावात पोचवायचं ठरवलं होतं ते त्यांचं त्यांना ठाऊक. गावाने त्यांच्यासमोर दोन पांडुरंग आणून उभे केले.

परवा शेजारच्या काकी नातवाच्या बारशासाठी नाव विचारायला आल्या. भटजींनी 'अ' काढून दिला होता. सून मोबाईलवर अद्वित, अयांश, अर्णव अशी नावं चाळत होती आणि काकींना एकही जिभेवर बसत नव्हतं. मला राहवलं नाही. म्हटलं, "काकी, अल्फ्रेड ठेवा. फार जुनं आहे, राजाचं आहे. अर्थ काय माहितीये? राखणदाराचा सल्ला!"

काकी पदर सारखा करत उठल्या. "अरे, मग राखणदारालाच विचारते की. तो इथे पाच मिनिटांवर असताना त्या इंग्रजाला कशाला मध्ये घालू?"

त्या गेल्या आणि कौल अयांशला पडला. काकी त्याला बाबू म्हणतात.