ॲव्हरेज किती देते?

आपल्याकडे माणसाने सेकंडहँड गाडी घेतली की सोसायटीतला पहिला प्रश्न ठरलेला: "ॲव्हरेज किती देते?" किंमत, मॉडेल, आधीचा मालक डॉक्टर होता की नव्हता, हे सगळं नंतर. इंजिनाची विचारपूस होते ती थेट खंबाटकी घाटात. तोवर बॉनेट उघडलेलं असतं, वाफ निघत असते आणि मालक पाण्याची बाटली घेऊन रेडिएटरकडे निघालेला असतो. असा गृहस्थ दिसला तर आधी त्याला हाताला धरून बाजूला घ्या. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं की आतलं दाबाखालचं उकळतं पाणी सरळ तोंडावर येतं. गाडी निवेपर्यंत चहा घ्यावा. घाटात दुसरं करण्यासारखं असतंही काय?

या ॲव्हरेजपायी लोक काय काय करतात! उतार लागला की गाडी न्यूट्रलमध्ये. त्यातले अधिक हिशेबी चावीच बंद करतात. गंमत म्हणजे इंजेक्शनच्या गाडीत हा हिशेब उलटा पडतो. गिअर टाकलेला ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की चाकंच इंजिन फिरवतात आणि गाडीतला कॉम्प्युटर पेट्रोल बंद करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवायला ते जळतच राहतं. चावी बंद केली तर ब्रेकची मदत दोन-तीन दाबांत संपते, स्टिअरिंग जड होतं, आणि वाचलेल्या चमचाभर पेट्रोलसह माणूस वळणाकडे निघतो.

सकाळी उठून दहा मिनिटं गाडी 'गरम' करणारे काकाही प्रत्येक सोसायटीत असतात. हा संस्कार कार्ब्युरेटरच्या काळातला. पद्मिनी, ॲम्बॅसडर, 1983 च्या डिसेंबरात आलेली मारुती 800, या गाड्यांना थंडीत चोक ओढून जरा गोंजारावं लागे. आता अर्धा मिनिट पुरे. ऑइल वरपर्यंत पोहोचलं की निघावं आणि पहिले दोन-तीन किलोमीटर पाय हलका ठेवावा. इंजिन चालता चालताच नीट तापतं. उलट रोज कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापर्यंतच गाडी नेली तर ते पुरतं तापतच नाही, आतला ओलावा उडून जात नाही आणि ऑइल खराब होतं. मेथीची जुडी आणायला पायी जाण्यात अशी दोन इंजिनांची सोय आहे.

कमी पैशात इंजिन सांभाळायचं असेल तर एकाच ठिकाणी कंजूषपणा करू नये, तो ऑइलमध्ये. छोट्या गाडीला तीन लिटरच्या आसपास ऑइल लागतं. फिल्टरसकट हा सारा खर्च नव्या सीटकव्हरांपेक्षा कमी. तरी आपण सीटकव्हरं आधी घेतो, कारण ती पाहुण्यांना दिसतात. गॅरेजवाला डिपस्टिक ओढतो, थेंब दोन बोटांत चोळतो आणि नाडी सापडत नसलेल्या वैद्यासारखा चेहरा करतो: "काळं पडलंय साहेब." पडणारच. आतली काजळी धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे. त्यामुळे रंगावर जाऊ नये, गाडीच्या पुस्तकात किती किलोमीटर आणि किती महिने लिहिलेत ते पाहावं, आणि दोन्हींपैकी जे आधी भरेल तेव्हा बदलावं. घाबरायचं ते ऑइल दुधाळ कॉफीसारखं दिसलं तर. तेव्हा बहुधा हेड गॅस्केट गेलेलं असतं, पाणी ऑइलमध्ये शिरलेलं असतं, आणि बिल पाच आकडी होण्याची तयारी चाललेली असते.

"आपल्याकडे गरम हवा, थर्मोस्टॅट काढूनच टाकू," हा सल्ला फुकट मिळतो. घेऊ नये. थर्मोस्टॅट काढला की इंजिन पुरेसं तापत नाही, पेट्रोल जास्त पितं, म्हणजे ज्या ॲव्हरेजसाठी एवढा जीव टाकला तेच घसरतं. बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये ओतणं हीसुद्धा तशीच बचत. बादलीवर जो पांढरा थर दिसतो तोच आतल्या बारीक नळ्यांत बसतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर काही सोन्याच्या भावाने मिळत नाही.

दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार जरूर घाला. पण ग्रिल झाकून टाकणारा तो घसघशीत हार प्रवासाला निघण्याआधी उतरवा, हवा त्याच वाटेने आत जाते. आणि उद्या सकाळी, गाडी सपाट जागेवर असताना, चावी लावण्याआधी बॉनेट उघडा. डिपस्टिक काढा, पुसा, पुन्हा घाला, पुन्हा काढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. पुसायला जुना बनियन चालतो.