झिरोचं कौतुक

गोदावरीच्या पाण्यावरून महाराष्ट्र आणि आंध्र सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडले. बाभळीच्या बंधाऱ्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवायचे, असा निकाल २०१३ मध्ये लागला.

तेच पाणी श्रीरामसागरात साठतं आणि मिशन भगीरथ या सरकारी योजनेच्या नळाने तेलंगणातल्या निर्मलमध्ये दारात येतं. लोक त्याने भांडी घासतात.

पिण्यासाठी आरओचा वीस लिटरचा कॅन! त्यात टीडीएस मीटर बुडवायचा. पन्नास आला तर नाक मुरडायचं, वीस आला तर वा वा. शून्य आला तर आरती ओवाळतील.

मीटर सांगतो फक्त क्षारांचा अंदाज. जंतू त्याला दिसतच नाहीत. काविळीचं पाणीही तिथे पहिल्या वर्गात पास होऊ शकतं.

आरओ मशीनवाल्याचा प्रयोग पाहिलाय? दोन ग्लास, दोन्हींत धातूच्या सळया, वर विजेची वायर. नळाचं पाणी बघता बघता तांबूस, गढूळ. आरओचं नितळ. घरादाराच्या अंगावर काटा!

गाळ पाण्यातला नव्हेच, सळईच्या लोखंडाचा. क्षारच नाहीत तर पाण्यातून वीज जेमतेम वाहते; सळई झिजणार कशी?

हे कोण सांगणार? मशीनवाला?

पिण्याच्या पाण्यातल्या क्षारांवर जागतिक आरोग्य संघटनेचं २००५ चं पुस्तक आहे. त्यातल्या तज्ज्ञांच्या मते लिटरमागे किमान २० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १० मॅग्नेशियम हवं. चेक प्रजासत्ताक आणि स्लोव्हाकियात घरच्या नळांना आरओ लागल्यावर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत थकवा, स्नायूंत गोळे अशा तक्रारी आल्याचंही त्यात आहे. क्षार काढलेल्या पाण्यात भाजी शिजवली, तर भाजीतलं कॅल्शियम-मॅग्नेशियमही साठ टक्क्यांपर्यंत पाण्यात उतरतं.

ते पाणी आपण ओतून देतो.

क्षार मुख्यतः जेवणातून मिळतात, कबूल. दूध, नाचणी, पालेभाजी रोज ताटात असेल, तर आरओचं खुशाल प्या. पण ज्याच्या ताटात भात आणि पातळ वरण, त्याने पाण्यातले हे चिमूटभर क्षारही का सोडावेत?

नलगोंड्यासारखं फ्लोराइड बोअरच्या पाण्यात असेल, तर आरओ हवाच. तिथे वाद नाही. पण लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार असतील तिथे आरओवर बंदी घाला, असं हरित लवादाने २०१९ मध्येच सांगितलं होतं. प्रकरण कोर्टकचेरीत अडकलं. विक्री कुठे अडकली?

आता तर काढलेले क्षार परत घालणारं मशीनही आलंय.

किंमत थोडी जास्त आहे म्हणे.