नाराज कोळंबीस अनावृत पत्र

प्रति,
समस्त लाल चेरी कोळंबी परिवार,
दोन फुटी काचेची टाकी, टीव्हीशेजारी, डोंबिवली (पूर्व).

विषय : पाण्याबाबत आपल्या अवास्तव अपेक्षा.
संदर्भ : सोसायटीची टाकी धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्यापैकी काहींनी पूर्वसूचना न देता ठेवलेला देह.

स. न. वि. वि.

आपण मूळच्या तैवान-चीनकडच्या ओढ्यांतल्या. डोंबिवलीत बिऱ्हाड केलंत, तेव्हा इथल्या रीतीभाती समजून घ्यायला हव्या होत्या. २०१४ साली इथे हिरवा पाऊस पडला, २०२० साली एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला. आम्ही दोन्ही पाहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळची फास्ट पकडली. आपल्याला मात्र ब्लिचिंग पावडरचा नुसता वास लागला की आपण आडव्या. सेक्रेटरींनी नोटीस लावली होती, मराठी आणि इंग्रजीत. आपण ती वाचण्याची तसदी घेतली नाही.

आपल्या मागण्या मी तपासल्या. पीएच साडेसहा ते साडेसात. जीएच, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचा कठीणपणा, सहा ते आठ अंश. केएच, म्हणजे कार्बोनेटचा कठीणपणा, दोन ते पाच. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, दीडशे ते अडीचशेच्या आसपास. इथवर समजू शकतो. पण हे आकडे सोमवारी जे असतील तेच शनिवारीही असावेत, हा हट्ट कल्याण-डोंबिवलीत आजवर कोणी धरलेला नाही.

आमच्या नळाचं पाणी खानदानी आहे, हे आधी लक्षात घ्या. उल्हास नदी लोणावळा-खंडाळ्याच्या डोंगरांतून उतरते. मावळातल्या आंध्र धरणाचं पाणी भिवपुरीचं वीजघर फिरवून तिला मिळतं, पुढे बारवीचं मिळतं. मोहिली, बारावे, नेतिवलीच्या केंद्रांतून गाळून ते आमच्याकडे येतं. काळ्या कातळावरून वाहिलेलं पावसाचं पाणी, त्यामुळे मऊ. पावसाळ्यात नदी गढूळ झाली की तुरटी जास्त पडते. ही तुरटी पाण्यातले कार्बोनेट खाते, केएच घसरतो, आणि केएच घसरला की पीएचला धरबंध उरत नाही. शिवाय क्लोरीन. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार नळापर्यंत लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन उरायलाच हवा. तो आम्हाला कावीळ-कॉलऱ्यापासून वाचवतो आणि आपले कल्ले भाजतो. त्याच मानकात पर्यायी स्रोत नसेल तर तांबं १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. आपण त्याच्या कितीतरी आधीच चालत्या होता. गंमत म्हणजे आपलं रक्तच तांब्यावर चालतं! घरच्या तांब्याचं एवढं वावडं बरं नव्हे.

घोडबंदरला आपले नातलग आहेत, त्यांचे हाल विचारा. तिथे एका आठवड्यात नळ, बोअर आणि टँकर अशी तीन पाणी होऊ शकतात. बोअरचं पाणी खडकात मुरून कठीण झालेलं, खाडीलगतचं असेल तर खारटही. तिथले हौशी लोक खिशातून टीडीएसचं पेन काढतात, आकडा तीनशे दिसला की समाधान पावतात. ते पेन पाण्यातून वीज किती वाहते एवढंच मोजतं. तीनशे मिठाचे की तीनशे कॅल्शियमचे, हे ते सांगत नाही. त्यासाठी थेंबांची किट लागते: रंग पालटेपर्यंत थेंब मोजायचे, एक थेंब म्हणजे एक अंश, म्हणजे लिटरमागे साधारण १८ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतका कठीणपणा.

हे आकडे आपण कशासाठी मागता, तेही मला कळलं आहे. मोठी कोळंबी तीन-चार आठवड्यांनी कात टाकते. पाणी फार मऊ असेल तर नवं कवच घट्ट होत नाही. एकदम बदललं तर कात अवेळी सुटते, मानेमागे पांढरं कडं दिसतं आणि आपण अर्ध्यात अडकता. चौथ्या मजल्यावरच्या आजींना मी हे सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण एवढ्याशा सोलायच्या कशा?"

आता आरओ. मे २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने सांगितलं होतं की जिथे टीडीएस पाचशेच्या आत आहे तिथे आरओवर बंदी घाला. उल्हासचं पाणी त्याच्या पुष्कळ आत, तरी आमच्या इमारतीत आरओ नसलेलं स्वयंपाकघर शोधून दाखवा. आम्ही नदीने फुकट दिलेले क्षार मशीन लावून मोरीत सोडतो. मग आपल्यासाठी तेच कॅल्शियम-मॅग्नेशियम पाकिटातून विकत आणून चमच्याने परत घालतो. माणसाला इतकं मोजूनमापून कोणी घालत नाही. आरओ आणि नळ यांचं मिश्रण करून आकडा जुळवणं स्वस्त पडतं, पण त्यासाठी नळाला पाणी हवं.

उन्हाळ्याबद्दल आपली तक्रार सर्वात जोरदार. टाकी तिशीपलीकडे गेली की प्राणवायू कमी पडतो, म्हणून टाकीवर पंखा लावला. त्याने पाणी दोन अंशांनी उतरतं, पण उडूनही जातं. उडतं ते नुसतं पाणी, क्षार खालीच राहतात. वर नळाचं ओतलं की आणखी क्षार. म्हणून उडालेल्याची भरपाई आरओच्या पाण्याने, आणि बदलायचं ते पाणी मात्र क्षार जुळवलेलं, असे दोन कॅन मी गॅलरीत ठेवले आहेत. घरात ते कोणी प्यायचं नाही, असा फलक आहे.

यापुढे दर आठवड्याला एक दशांश पाणी बदलेन. क्लोरीन मारून, मेडिकलमधून आणलेल्या सलाईनच्या नळीने थेंब थेंब. गल्लीतल्या बदामाची सुकी पानंही घालेन. त्याहून जास्त मागू नये.

कळावे,
आपला (स्वतः न मोजलेलं पाणी पिणारा) रहिवासी

ता. क. आज संध्याकाळी डासांच्या धुराची गाडी येणार आहे. तो धूर कीटकांसाठी असतो आणि नात्याने आपण त्यांच्या फार लांबच्या नाहीत. खिडक्या लावून टाकीवर ओला टॉवेल टाकतो आणि बाहेरची हवा आत ओढणारा पंप तासभर बंद ठेवतो. कृपया तेवढा तास तक्रार नको.