वरातीमागून रिपोर्ट

तीन दिवस ताप उतरला नाही की आपल्याकडे रक्त काढतात. मलेरिया नाही, डेंग्यू नाही, मग टायफॉइडची विडाल. ही चाचणी 1896 सालची, पण अजून कुणाला रिकाम्या हाती परत पाठवत नाही. टायटर (रक्तातल्या अँटिबॉडीची पातळी) 1:80 दिसलं की निदान ठरलेलं: ‘थोडा टायफॉइड आहे.’ हा ‘थोडा टायफॉइड’ वैद्यकाच्या पुस्तकात सापडत नाही, गल्लीतल्या लॅबमध्ये मात्र बारमाही पिकतो.

समजा, रुग्ण गोठ्यात राबणारा आहे. तळहातांवर, तळपायांवर लाल पुरळ आहे. ही करामत गोचिडीची असू शकते. ‘इंडियन टिक टायफस’, जंतूचं नाव रिकेट्सिया. नावात टायफस असला तरी टायफॉइडशी त्याचं काही नातं नाही. टायफॉइडवर चालणारं सेफ्ट्रायॅक्सोन सलाईनमधून कितीही चढवा, रिकेट्सियाला त्याचा पत्ताही लागत नाही.

एखाद्या डॉक्टरला शंका आलीच, तर लॅब ‘वेल-फेलिक्स’ करते. ही पहिल्या महायुद्धातली, 1916 सालची. गंमत म्हणजे या चाचणीत रिकेट्सिया नसतोच! तो जिवंत पेशीबाहेर वाढत नाही, म्हणून प्रोटियस नावाचा दुसराच जंतू वापरतात. म्हणजे चोराचा फोटो नाही, तर त्याच्यासारखं नाक असलेल्या शेजाऱ्याचा फोटो साक्षीदाराला दाखवायचा. पुढे चोर सुटतो की संन्याशाला फाशी होते, ते ज्याच्या त्याच्या नशिबावर.

दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या लाझोव्स्की आणि मातुलेविच या डॉक्टरांनी हीच खोड ओळखली. धडधाकट गावकऱ्यांना मेलेल्या प्रोटियसचं इंजेक्शन दिलं, रक्त जर्मन लॅबला पाठवलं. रिपोर्ट आला, टायफस पॉझिटिव्ह! साथीच्या भीतीनं नाझी त्या भागापासून चार हात लांब राहिले. जी चाचणी तेव्हा शत्रूला गंडवायला पुरली, ती आज आपण स्वतःसाठी पैसे मोजून करतो.

खात्रीची चाचणी आहे की! आयएफए, रिकेट्सियाच्याच अँटिबॉडी शोधणारी. तिला रक्ताचे दोन नमुने लागतात, दोन ते चार आठवड्यांच्या अंतरानं, आणि दुसऱ्यात अँटिबॉडी चौपट. पहिल्या आठवड्यात त्या बहुधा दिसतच नाहीत. निकाल येईपर्यंत रुग्ण बरा होऊन कामाला लागलेला असतो, नाहीतर त्याचे दिवस घातलेले असतात. पीसीआर लवकर सांगू शकतं, पण ते मोठ्या शहरात, आणि गोचीड गोठ्यात.

म्हणूनच आयसीएमआरनं 2015 सालीच सांगून ठेवलंय: संशय आला तर रिपोर्टची वाट पाहू नका, डॉक्सिसायक्लिन सुरू करा. औषध स्वस्त, जुनं, तालुक्याला मिळणारं. महाग आहे ती फक्त शंका. ती यायला डॉक्टरांना रुग्णाचा तळहात उलटून बघावा लागतो आणि विचारावं लागतं, ‘घरी गुरं-कुत्री आहेत का हो?’

या प्रश्नाचं बिल करता येत नाही. म्हणून तर तो कुठल्याच ‘फीवर प्रोफाइल’मध्ये नाही.