गळ्युं आणि गळू

कोजागरीचं मसाला दूध पचतं न पचतं तोच दुसऱ्या दिवशी सुरतेत चंदी पडवा येतो. त्या दिवशी अख्खं शहर घारी खातं. आत मावा, पिस्ते नि साखर, वर गोठलेल्या तुपाचा जाड थर. आम्ही खानदेशातून येऊन उधन्यात स्थिरावलेली माणसं. पण घारीपुरते जन्माचे सुरती.

त्यामुळे पडवा सरला नि माझ्या पाच वर्षांच्या लेकीची, चिमीची दाढ ठणकू लागली, तेव्हा पहिला संशय घारीवरच गेला. दाताच्या डॉक्टरांनी तोंडात डोकावून विचारलं, "बेबी गळ्युं बहु खाय छे?"

"नाही हो, गळू-बिळू काही नाही," माझी आई घाईघाईने म्हणाली, "नुसती दाढ काळी पडलीय."

गळ्युं म्हणजे गोड. हे समजावायला डॉक्टरांना आधी हसू आवरावं लागलं.

घारी मात्र निर्दोष सुटली. डॉक्टर म्हणाले, वर्षातून एकदा काय खाल्लं त्याने दात किडत नाहीत, दिवसभर चरल्याने किडतात. तोंडातले जंतू साखर खाऊन आम्ल सोडतात. लाळ ते निवळवते, पण त्याला अर्धा तास तरी लागतो. आमच्याकडे तेवढ्यात दुसरं बिस्किट येतं. "दुधाचेच दात, पडणारच की!" मी अक्कल पाजळली. मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात, असं कळल्यावर गप्प बसलो.

मग डॉक्टरांनी बजावलं, पेस्ट वाटाण्याएवढी घ्यायची. (जाहिरातीत ब्रशवर डुमसच्या समुद्राची लाट असते.) आणि सात-आठ वर्षांची होईपर्यंत ब्रश आपणच फिरवायचा. हे सांगायला सोपं. चिमी ब्रश मगरीसारखा दातांत धरून ठेवते, पेस्ट स्ट्रॉबेरीची म्हणून गिळते आणि "झालं" म्हणते.

शेवटी आमची गावाकडे जाणारी रेल्वे, ताप्ती लाइन, कामी आली. ब्रश झाला गाडी. चिमीचं डोकं मांडीवर घ्यायचं, गाडी डाव्या दाढेतून सोडायची. उधना, चलथाण, बारडोली, व्यारा, सोनगड. समोरच्या दोन दातांमधल्या फटीत नवापूर. ते स्टेशन खरोखरच निम्मं गुजरातेत, निम्मं महाराष्ट्रात आहे, त्यामुळे तिथे गाडी जरा थांबते. मग नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, आणि पार मागच्या दाढेत जळगाव, मामाचं घर. खालच्या जबड्यातून परतीचा प्रवास. आतल्या बाजूची मालगाडी वेगळी. मी एकदा धरणगाव गाळलं, तर चिमीने तोंडभर फेसातून हरकत घेतली.

यंदाच्या पडव्याला रात्री तीन घाऱ्या रिचवून मी तसाच आडवा झालो. चिमी उशाशी येऊन उभी राहिली. "पप्पा, तुमची गाडी?"

उठलो. माझी गाडी रात्रीची धावायला लागली ती तेव्हापासून. आई मात्र अजून मशेरीवरच आहे. तिची गाडी उधन्याहून हललेली नाही.